रेझर फेकायचं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

आज ह्यांची दाढी करता करता रेझरचं डोकं निखळलं आणि बादलीत पडलं. एक गाल झाला होता, दुसरा साबणासकट तसाच राहिला. महिनाभर ते डोकं लटलटतच होतं. मी स्क्रूच्या आट्यांवर शिवणाचा दोरा गुंडाळून दिवस ढकलत होते. आज वरच्या टोपीचा स्क्रू मुळातूनच तुटला आणि त्याचा तुकडा दांडीत अडकून बसला. मी रेझरकडे बघतेय, हे माझ्याकडे बघताहेत, आणि साबण गळ्यावरून बनियनमध्ये उतरतोय.

‘‘बघ,’’ हे म्हणाले.

सात महिन्यांपूर्वी ह्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एवढा एकच शब्द तोंडात उरला. चहा हवा तरी बघ, नको तरी बघ, डास चावला तरी बघ. चाळीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केलेला माणूस. पुढच्या खोलीत ह्यांचं दुकान होतं, ते तेव्हापासून कुलपात आहे. मी आतल्या खोलीत कपडे शिवते. हे लिहितेय तीही मापांचीच वही आहे, मागची पानं कोरी होती म्हणून. मनातलं बोलायला घरात माणूस आहे, उत्तर द्यायला नाही. म्हणून वही.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी मूर्खासारखं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘फेकून दे आई ते. मी विजेवरचं मशीन पाठवतो. आणि दाढी तू कशाला करतेस? माणूस ठेवलाय ना आपण?’’

माणूस म्हणजे पहिलवान. ह्यांना उचलायला आणि आंघोळ घालायला दोन महिन्यांपासून येतो. अंगाने दरवाजाएवढा, आवाजाने चिमणीएवढा. नाव मीच ठेवलंय, त्यालाही आवडतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

मशीन आलं. सुंदर आहे, काळं चकचकीत, भुंग्यासारखं गुणगुणतं. पहिलवानाने ते गालाला लावलं मात्र, ह्यांनी डाव्या हाताने असा काही झटका दिला की मशीन पलंगाखाली आणि कोपर पहिलवानाच्या ओठावर. ओठ सुजला बिचाऱ्याचा. मी माफी मागितली तर म्हणाला, असू दे काकू, माझी आजी चावायची.

पण संध्याकाळी मुलाने फोन केला तेव्हा त्याने इमानदारीने सगळं सांगून टाकलं. मग मुलगा माझ्याशी बोलला. फार हळू बोलला, तेव्हाच मी ओळखलं. बाबांना आता समजत नाही, माणसावर हात उगारणं हे आजार वाढल्याचं लक्षण आहे, तुझ्याच्याने हे झेपणार नाही. त्याच्या शहरात एक शुश्रूषा केंद्र आहे, तिथे जागा मिळतेय. सोळा तारखेला, रविवारी, तिथल्या बाईंना घेऊन तो येणार आहे. त्या बाबांना तपासतील आणि ठरवतील. बाबा तिथे आणि मी त्याच्या घरी.

मी म्हटलं, बरं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ‘बरं’ म्हणजे होकार होतो. परत फोन करून ‘बरं’ मागे घ्यावं असं वाटलं, पण ते कसं घेतात ते कळेना.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कटलरीच्या दुकानात तुटलेलं रेझर घेऊन गेले. नुसतं डोकं मिळत नाही. दुकानदाराने दांडी दोन बोटांत धरून उंदराची शेपटी धरावी तशी मला परत केली. ‘‘फेका काकू. असली आता कोणी वापरत नाही. हे घ्या, वापरायचं आणि टाकायचं.’’

त्याने पुढ्यात प्लास्टिकचं पाकीट ठेवलं. घेणार होते. खरंच घेणार होते, हात पुढे केला होता. पण तेवढ्यात मनात आलं, मुलगा म्हणतो फेक, हा म्हणतो फेका. घरात एकदा फेकाफेक सुरू झाली की पुढचा नंबर कोणाचा, ते मला स्पष्ट दिसलं.

‘‘दुरुस्त करीन,’’ मी म्हटलं.

‘‘कोण करणार?’’

‘‘मी.’’

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. मी पाकीट त्याच्याच काउंटरवर ठेवलं आणि आले. स्क्रू उजवीकडे फिरवला की घट्ट होतो, याच्यापलीकडे मला काही येत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानाचं कुलूप उघडलं. तेलाचा वास तसाच आहे. भिंतीवर हत्यारं ओळीने, प्रत्येकामागे पेन्सिलने काढलेली आकृती, म्हणजे काय कुठे टांगायचं ते चुकायला नको. किती वर्षं मी त्या आकृत्यांवरून ह्यांना चिडवत होते. आज त्यांच्यामुळेच निभावलं.

ह्यांना चाकाच्या खुर्चीत घालून दारात आणून बसवलं. पहिलवान म्हणाला, धूळ आहे, खोकला होईल. होऊ दे.

दांडीतला तुकडा निघता निघेना. पक्कड घसरली, दोनदा बोट सोललं. मग दांडी शेगड्यात आवळली. शेगडा म्हणजे टेबलाला ठोकलेला लोखंडी जबडा, वस्तू पकडून ठेवतो. तुकड्याचा शेंडा जेमतेम तांदळाएवढा वर होता. त्याच्यावर करवतीच्या पात्याने बारीक खाच पाडली, तेल सोडलं, आणि पेचकस लावून फिरवत राहिले. आधी पेचकसच फिरला. चहाच्या वेळेला तुकडा फिरला. कुरकुर करत, एकेक आटा करत वर आला. मी तो ह्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि मग खिशात टाकला. कचरा खिशात कशाला हवा? काढायला गेले तर हात घट्ट मिटला. राहू दे म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

नवा स्क्रू हवा, त्याच आट्यांचा. ह्यांच्या डब्यांत स्क्रू म्हणाल तर समुद्र आहे. सकाळपासून एकेक दांडीत घालून बघत होते. काही आतच जाईनात, काही गेले आणि हलायला लागले. बेचाळीसपर्यंत मोजलं, मग मोजणं सोडलं.

दुपारी कपडे शिवायला बसायचं होतं, म्हणून डबा ह्यांच्या मांडीवर ठेवला, खेळत बसतील म्हणून. तासाभराने आले तर डबा अर्धा जमिनीवर सांडलेला आणि चिमटीत एक पितळी स्क्रू. मी ओरडणार होते. दांडीत घालून बघितला. लोण्यात सुरी जावी तसा गेला, आणि तळाशी जाऊन गच्च बसला.

आता खरं लिहायचं तर लिहिते, इथे कोण वाचणार आहे. मी मुलाशी भांडते की ह्यांना सगळं समजतं. पण मलाच कुठे खात्री आहे? स्क्रू सापडला हा योगायोगही असू शकतो. शंभर सांडले, एक हातात राहिला, तोच नेमका बसला. नाहीतर गेल्या आठवड्यात ह्यांनी चमचा कानाला लावून फोन धरल्यासारखा धरला होता. तेव्हाही मी मुलाला काही सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कालचा आणि आजचा दिवस वाया.

स्क्रू टोपीला जोडायचा तर डाख द्यायला हवा. जोडायची जागा घासून स्वच्छ करायची, डाखाचं मलम लावायचं, खालून दिव्याची ज्योत द्यायची आणि कथलाची तार टेकवायची. ती वितळून पाण्यासारखी पसरते आणि थंड झाली की जोड पक्का. ह्यांना हे करताना मी चाळीस वर्षं बघितलंय. बघणं आणि करणं यात किती अंतर असतं, हे मी शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना येता-जाता सांगते. आता स्वतःलाच सांगितलं.

काल स्क्रू नजरेने उभा केला. थंड झाल्यावर बघते तर वाकडा. पातं बसवलं तर एका बाजूला पुढे, दुसऱ्या बाजूला गायब. स्वतःच्या हातावर फिरवून बघितलं, मनगटाखाली ओरखडा उठला. आज अक्कल चालवली. टोपी आणि दांडी यांच्यामध्ये जी दातेरी पट्टी असते, हे तिला फणी म्हणतात, तिला मधोमध भोक असतं. फणी टोपीवर बसवून त्या भोकातून स्क्रू उभा केला की वाकडा होणारच नाही. झालाही नाही. सरळ उभा राहिला, शिपायासारखा. फक्त कथील फणीवरही चढलं आणि टोपी, फणी, स्क्रू असा तिघांचा एकच गोळा झाला. आता पातं घालायला जागाच नाही.

रडले नाही, असं लिहिणार होते. रडले. हे समोरच बसले होते. टेबलावर डाव्या हाताने थापा मारत होते. मला वाटलं, चिडले माझ्यावर, त्यांची वस्तू बिघडवली म्हणून. मीही चिडले. म्हटलं, तुम्हाला एवढं कळतं तर सांगा ना तोंडाने. बोलून गेले. ते थांबले. मग भिंतीकडे तोंड करून बसले.

मुलाचा फोन आला, बाबांचे कपडे किती आणि कुठले बांधायचे याची यादी घेऊन. मी म्हटलं, आत्ता वेळ नाही, रेझर दुरुस्त करतेय. त्याने विचारलं, ‘‘आई, तुला झोप नीट लागते ना?’’

त्याला वाटत असणार, बाबांपाठोपाठ आईचेही आटे ढिले झाले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजचं नीट लिहायला हवं. विसरायचं नाही.

सकाळी तो गोळा पुन्हा तापवून वेगळा केला, तिन्ही भाग घासून पुसून मांडले. ह्यांना जवळ घेतलं. परवाचं बोलणं मनात होतं, म्हणून अगदी टेबलाशी घेतलं. फणी बसवावी तर चिकटते, न बसवावी तर वाकडं होतं. मी तशीच बसून राहिले. तेवढ्यात हे वाकले आणि माझ्या कानामागची पेन्सिल ओढली. खुणा करायला कानामागे पेन्सिल असतेच माझ्या, दुकानात नसतानाही असते.

मला वाटलं, लिहायचंय. सात महिन्यांत व्यायाम शिकवणारीने पन्नासदा पेन्सिल दिली, त्यांनी पन्नासदा टाकली. मी घाईने वही पुढे केली. त्यांनी वही ढकलून दिली. ‘‘बघ,’’ म्हणाले. फणी ओढून घेतली आणि तिच्यावर पेन्सिल घासायला लागले. लहान पोर भिंतीवर रेघोट्या मारतं तशी. आताच घासून लख्ख केलेली फणी! मी काढून घेतली. त्यांनी परत ओढली. ‘‘बघ, बघ.’’ हात थरथरत होता, पेन्सिल निसटत होती, कपाळाची शीर टचटचत होती. मी हात मागे घेतला. म्हटलं, करा काय करायचं ते, नाहीतरी वाट लागलीच आहे.

अर्धा तास लागला त्यांना. भोकाच्या कडेने, आतून, खालून, सगळी फणी काळी केली. मग माझ्याकडे सरकवली.

मी काही समजून केलं नाही, हे कबूल करते. त्यांचं मन मोडू नये म्हणून केलं. काळी फणी टोपीवर ठेवली, स्क्रू उभा केला, ज्योत दिली, कथील टेकवलं. कथील वितळून स्क्रूच्या बुडाशी पळालं, टोपीला धरलं, आणि फणीच्या काळ्या भागापाशी येऊन थांबलं. चढलंच नाही. थेंब होऊन मागे सरलं, कमळाच्या पानावरून पाणी सरतं तसं. थंड झाल्यावर मी फणीला बोट लावलं आणि ती अलगद उचलून हातात आली. खाली टोपी, टोपीवर स्क्रू, ताठ.

पेन्सिलीच्या काळ्यावर डाख धरत नाही. हे मला माहीत नव्हतं. पहिलवानाला माहीत नव्हतं. घरात एकाच माणसाला माहीत होतं.

दिवा बंद करायचा राहिला माझ्याकडून. पहिलवानाने येऊन बंद केला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कानशीने कडा घासल्या, पातं घातलं, दांडी फिरवली. दोन्ही बाजूंना पातं सारखं. हातावर फिरवून बघितलं, सगळी लव गेली आणि एक ओरखडा नाही.

मोठ्या तोऱ्यात ते पहिलवानाच्या हातात दिलं. कर म्हटलं दाढी, आता कोण अडवतंय बघू. आणि ह्यांनी तोंड फिरवलं! ओठ घट्ट मिटले, हनुवटी छातीला लावली. त्याने समजावलं, पुचकारलं. हे भिंतीसारखे. माझा संताप संताप झाला. दोन बोटं सोलली, एक मनगट कापलं, कपडे शिवायचे पडून राहिले. ‘‘अहो, तुमचंच रेझर आहे हे. आता काय राहिलंय?’’

पहिलवान म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही करून बघा.’’

मीच तर करत होते रोज! मुलगा म्हणाला म्हणून याच्याकडे दिलं, माझी कंबर धरते म्हणून. बरं, घेतलं हातात. साबण लावला. हे एकदम गरीब गाय. डोळे मिटून घेतले. वर डाव्या हाताने माझं मनगट धरून बसले. असं मनगट धरल्यावर रेझर फिरणार कसं? तीनदा सोडवलं, तीनदा परत धरलं. शेवटी धरू दिलं, आणि त्यांच्या हातासकट सगळी दाढी केली. पाऊण तास लागला. अकरा दिवसांचं जंगल गेलं आणि खालून माझा नवरा निघाला.

पहिलवानाचा हात जड असणार, ते ह्यांना आधीच कळलं असेल. मी त्याला तसं सांगितलं, वाईट वाटून घेऊ नकोस म्हटलं. तो गालातल्या गालात हसला. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आले. मुलगा आणि त्या बाई. बाई चांगल्या होत्या, उगीच नावं ठेवणार नाही. खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा. आज वार कोणता? बघ. हे कोण उभे आहेत? बघ. डावा हात वर करा. ह्यांनी हात मांडीवरच ठेवला. कागदावर गोल काढा. पेन्सिल खाली टाकली. मी मागे उभी राहून मनात म्हणत होते, अहो, एकदा तरी. एकदा तरी. शेवटी तर त्यांनी डोळेच मिटले आणि घोरायला लागले.

मी स्क्रूचं सांगितलं, पेन्सिलीचं सांगितलं, रेझर आणून दाखवलं. बाईंनी कौतुक केलं. मुलगा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आई, हाताला सवय असते गं, मेंदूचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. तो हे प्रेमानेच म्हणाला, आणि मला त्याच्या प्रेमाचीच जास्त भीती वाटली.

बाई म्हणाल्या, आजच्या तपासणीत उत्तरं समाधानकारक नाहीत.

म्हणजे नापास.

मी मुलाला म्हटलं, ‘‘तू आठवीत नापास झालास तेव्हा तुला आम्ही कुठे पाठवलं होतं?’’

बाईंनी कागदांत डोकं घातलं.

‘‘घरीच ठेवलं होतं,’’ मी म्हटलं. ‘‘ह्यांना समजतं म्हणून मी ठेवून घेतेय असं समजू नकोस. समजतं ते मला गुरुवारी कळलं. नसतं समजत तरी ते याच घरात राहिले असते. तुझ्या बाई परीक्षा घेऊ देत, शंभर घेऊ देत. मला निकालाशी काम नाही. माणूस माझा आहे.’’

माझा आवाज इतका चढला की हे जागे झाले. बाई उठल्या, फॉर्म टेबलावर ठेवला, विचार करून भरा म्हणाल्या, आणि त्यांच्या गाडीने गेल्या. मुलगाही जाणार होता. गेला नाही. दुकानात जाऊन उभा राहिला. भिंतीवरच्या आकृत्या बघत होता. मी हाक मारली नाही.

आजचं ‘नाही’ मात्र मागे घ्यायचं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मुलगा म्हणाला, आज बाबांची दाढी मी करतो. मी म्हटलं, कर, पण मार खाल्लास तर मला सांगू नकोस.

मी दारात उभी होते. त्याने साबण फार लावला, कानात गेला. रेझर हातात घेऊन तो घाबरल्यासारखा थांबला. आणि ह्यांनी काय करावं? जिभेने आतून गाल फुगवून पुढे केला! कातडं ताणलं जावं म्हणून पुरुष करतात तसा. माझ्यासमोर सात महिन्यांत एकदा केला नाही. मी वाकून वाकून कंबर मोडून घेतली, आणि लेकासाठी गाल फुगवून देतात. मुलाने रेझर टेकवलं. दोनतीनदा नीट फिरवलं आणि मग त्याला दिसेनासं झालं. डोळे भरून आले होते त्याचे. हनुवटीला जरासं लागलं, रक्ताचा थेंब आला. मुलाचा चेहरा पांढराफटक.

‘‘बघ,’’ हे म्हणाले, आणि हसले. आवाज करून हसले. आजारपणापासून पहिल्यांदा.

मुलाचाही हात हलकाच म्हणायचा. जड आहे तो पहिलवानाचाच.

दुपारी निघताना त्याने फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, पाठवायचा की नाही ते तू ठरव. मी चष्मा लावून वाचला. चार पानं आहेत. रुग्णाला काय काय जमत नाही, त्यासाठी अडीच पानं, ओळीच ओळी. रुग्णाला काय जमतं, त्यासाठी एक ओळ.

मी फॉर्म तसाच त्याच्या बॅगेत घातला. म्हटलं, ‘‘एका ओळीत मावणाऱ्या माणसांसाठी ठेव हा.’’